दामाजीपंतांचं लॉगिन

बेंगळुरूच्या दक्षिणेकडच्या जे. पी. नगराच्या पाटीवर जयप्रकाश नारायण दोन अक्षरांत दडलेले आहेत. सत्ता गावपातळीवर, माणसाच्या हाताला लागेल इतकी जवळ असावी, हा त्यांचा आग्रह. आज त्यांच्या नावाच्या या वस्तीत वीजबिल, घरपट्टी, मिळकतीचा ई-खाता सगळं मोबाइलवर येतं. कचेरी हाताला लागली. सत्ता लागली का?

कर्नाटकात या बदलाची मोठी सुरुवात जमिनीपासून झाली. 2001 च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी नोंदी संगणकात गेल्या आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत उतारा मिळू लागला. तोवर वही गावच्या लेखापालाच्या, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याच्या, ताब्यात असे. तो कधी भेटेल आणि काय मागेल याचा नेम नसे. ‘भूमी’ने दोन साधे नियम घातले. फेरफाराचा अर्ज ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने निकाली काढायचा, आणि नोंद बदलणाऱ्याने आधी स्वतःचं बोट यंत्रावर टेकवायचं. पाटलाचा भाचा असो की कूळ, रांग एकच.

या एकाच रांगेला समदृष्टी म्हणावं का? विद्वान, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहणाऱ्याला गीता पंडित म्हणते. पण तिथे पाहणारा आहे. यंत्र भेद करत नाही, कारण ते कुणाकडे पाहतच नाही.

इथे मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांना खुली केली. बिदरहून बोलावणं आलं, आणि पंत पोचण्याआधीच विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली, वर पावतीही घेतली, अशी कथा आहे. भक्त त्यातला चमत्कार ऐकतात. कारभारी माणसाने मात्र ती पावती पाहावी. देवानेही हिशेब पुसला नाही, चुकता केला! आज कोठारावर पंत असते तर लॉगिन करून शिधापत्रिकेचा क्रमांक घातल्याशिवाय दाणा हलला नसता.

लाच मागायला जी मोकळीक लागते, तीच दया करायलाही लागते. लाच घेणारे पुष्कळ, दामाजी एखादा. तेव्हा दोन्ही गेलं तरी सौदा फायद्याचाच, असं कुणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण मोकळीक नाहीशी होत नाही, वर सरकते. ती नियम ठरवणाऱ्याकडे आणि सगळ्या नोंदी एका ठिकाणी वाचू शकणाऱ्याकडे जाते. 2007 मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी ‘भूमी’चा अभ्यास केला. एकत्र आलेल्या नोंदींचा लाभ जमिनीच्या बड्या खरेदीदारांना झाला, असं त्यांचं म्हणणं. लाच घटल्याचा दावाही त्यांनी मान्य केला नाही.

मग आधार आलं. बेंगळुरूच्या नंदन निलेकणींच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या योजनेचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. तिला न्यायालयात आव्हान देणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हेही बेंगळुरूचेच. आयुष्यभर माती उपसणाऱ्याच्या, विटा उचलणाऱ्याच्या बोटावरच्या रेषा झिजतात, आणि रेशन घेताना त्याच बोटाकडे यंत्र ओळख मागतं. लेखापालाच्या बोटाने नोंद सुरक्षित झाली. मजुराच्या बोटाने त्याचं धान्य अडलं. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कल्याणकारी योजनांसाठी आधार वैध ठरवलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवलं. माणसाची प्रतिष्ठा गणिती शक्यतांवर सोडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा ठसा न जुळलेल्या प्रत्येकाला लागू पडतो.

दामाजींचा मार्ग कायद्यात अगदीच नाही असं नाही. आधार प्राधिकरणाच्या 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकानुसार ठसा जुळला नाही तरी लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही. त्याची नोंद अपवाद म्हणून वेगळी ठेवायची. शेजारच्या आजीचा अंगठा पुन्हा लागला नाही, तर रेशन दुकानात तिच्याबरोबर जा आणि ती नोंद करायला लावा.