परक्याचे माप

थंडीचे कपडे विणायला बसायचे ते उकाड्यातच. कोजागरी सरलेली असते, पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागलेले असते. पण दुपारी मराठवाड्यातले ऊन असे तापते की, लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला तर हाताला घाम सुटून टाके सुईवर सरकेनासे होतात. अशा वेळी जी बाई महिन्या-दोन महिन्यांनंतरची हुडहुडी डोळ्यांपुढे आणते आणि घरातल्या एकेकाची छाती, बाही, डोके मोजू लागते, तिची कल्पनाशक्ती कवीपेक्षा उणी म्हणता येणार नाही. आज न वाजणारी, आणि आपल्याला तर कधीच न वाजणारी थंडी ती खरी मानून चालते. दुसऱ्याचा विचार करणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? प्रश्न एवढाच की, हा दुसरा किती दूरचा असावा, आणि त्याच्यासाठी जवळच्याला किती गारठू द्यावे?

हा प्रश्न मला वयाच्या आठव्या वर्षी पडला, तो जुन्या जालन्यात. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा. आमचे घर आनंदीस्वामींच्या मंदिराच्या बाजूला. लोकर म्हणजे आमच्याकडे धनगराची घोंगडी: काळी, जड आणि अंगाला टोचणारी. दोन सुयांवरचे मऊ विणकाम हे मागाहून आलेले पाहुणे. साहेबाची छावणी जालन्यातून १९०३ सालीच उठली होती, त्यामुळे आईला शिकवायला कोणी मडम आली नाही. ती मासिकातले नमुने पुढे ठेवून, ‘दोन सुलट, दोन उलट’ असे पुटपुटत शिकली. तिचा एक सिद्धान्त होता. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मध्ये कोंडलेल्या हवेत असते. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळ गरम का होते, तेही ती याच न्यायाने सांगे. पुढे शाळेत हेच शास्त्राच्या तासाला शिकवले, तेव्हा मास्तरांनी ते आईकडून ऐकले असावे असा माझा काही दिवस समज होता.

१९६२ च्या ऑक्टोबरच्या २० तारखेला चीनने हल्ला चढवला आणि त्याच आठवड्यात दिवाळी आली. हिमालयात लढणाऱ्या पुष्कळ जवानांच्या अंगावर सुती कपडे आणि पायांत कॅनव्हासचे बूट आहेत, ही बातमी घरोघर पोचली, आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. आमच्या गल्लीतही फराळाची ताटे बाजूला सरली. आईने जवानासाठी बिनबाह्यांचा स्वेटर घातला. पाठ झाली, पुढचा भाग निम्मा आला आणि लोकर संपली. नव्या जालन्यातल्या दुकानात त्या मातकट रंगाची लोकर औंसभरही उरली नव्हती. त्या रंगाची लोकर आमच्या घरात एकाच ठिकाणी होती: माझ्यासाठी चाललेल्या स्वेटरात.

आईने तो उसवला. मी शाळेतून आलो तेव्हा माझी एक बाही संपून दुसरी अर्धी झाली होती. शिवलेला कपडा फाडला तर चिंध्या होतात. विणलेला उसवला तर सगळा धागा परत मिळतो, काहीच वाया जात नाही. पण धागा आपला पूर्वीचा आकार विसरत नाही. टाक्याटाक्याला वळ्या घेऊन तो कुरळा झालेला असतो. त्याच्या लडी करून, कोमट पाण्यात बुडवून, खाली वजन बांधून वाळत घालाव्या लागतात. आमच्या दांडीवर पितळी तांब्याच्या वजनाने माझा स्वेटर दोन दिवस लोंबत होता.

तिसऱ्या दिवशी मी दहा नंबरच्या सुयांपैकी एक ज्वारीच्या कणगीत खुपसली.

आईने घर पालथे घातले. शेजारच्या काकूंच्या सुया त्यांच्याच कामात गुंतलेल्या. चार दिवस तो स्वेटर एका सुईवर टाके धरून कोनाड्यात पडून राहिला. पाचव्या दिवशी दळणासाठी ज्वारी काढताना सुई तिच्या हाताला लागली. तिने ती पदराने पुसली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि टाके मोजायला घेतले. ती मला काही बोलली नाही. गल्लीतल्या बायकांचे गाठोडे रवाना झाले तोवर नोव्हेंबरच्या २१ तारखेची युद्धबंदी झाली होती. लढाई थांबली होती. हिमालयातली थंडी थांबलेली नव्हती. त्या चार दिवसांचा हिशेब मी अजून कोणाला देऊ शकलेलो नाही.

आता मोठेपणीचा विचार. आमच्या शेजारच्या पैठणच्या नाथांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. जवळचे-दूरचे हा भेद मोडणारी याहून मोठी गोष्ट आपल्याकडे नाही. पण नाथांनी कावड रिती केली ती स्वतःची. आईने रिती केली ती माझी. दुसऱ्याच्या वाट्याचे तिसऱ्याला देणे, याला दान म्हणावे काय? आमचे नाना स्पष्ट म्हणत, “देणाऱ्याने आपले द्यावे.” हा युक्तिवाद मला पुष्कळ वर्षे बिनतोड वाटत असे, माझ्या सोयीचा होता, हेही त्याचे एक कारण असेल.

पण एक गोष्ट त्यात बसत नाही. जवानाचे माप आईने कुठून आणले होते? ज्याचे नाव, गाव, भाषा ठाऊक नाही, त्याची छाती कशी मोजणार? तिने नानांना उभे करून टेपाने मोजले आणि वर चार बोटे वाढवली. “तो जवान आहे,” ती म्हणाली, “ह्यांच्यासारखा मास्तर नाही.” परक्याला अंग नव्हते, ते तिने घरातून उसने घेतले. माप एकाचे घ्यावे लागले, लोकर दुसऱ्याची. ज्याच्या घरी मोजायला कोणी नाही, त्याला मानवजातीसाठी साधा गळपट्टा विणता येईल, स्वेटर विणता येईल की नाही याची मला शंका आहे. मग जवळच्याची ओढ ही दूरच्याच्या आड येते, असे मी सरसकट कसे म्हणू? आणि तरीही माझी बाही गेली ती गेलीच.

आई म्हातारी झाल्यावर एकदा मी तिला विचारले, “मला विचारून का नाही उसवलास?”

“विचारले असते तर तू नाही म्हणाला असतास,” ती म्हणाली. “मग मी काय केले असते रे? उसवला असता तर तुझा शब्द मोडला असता. न उसवावा, तर आठ वर्षांच्या पोराने जवानाला नाही म्हटले, हे तुझ्या माथी राहिले असते.”

ते तसेही राहिले, कणगीत राहिले, हे मी बोललो नाही. तीही बोलली नाही. त्या हिवाळ्यात तिने मला दोन सदरे आणि मधे नानांची जुनी बंडी आखडून घातली होती. सकाळच्या शाळेला जाताना कुंडलिकेवरचा वारा त्या तिन्ही थरांतून आरपार जाई.

“दोन सदऱ्यांत थंडी वाजायची का रे तुला?” तिने थोड्या वेळाने विचारले.

मी नाही म्हणालो.