झाकण कोणाच्या हाती?

कानांत बोळे घालून, अंधारात, खाऱ्या पाण्यावर तासभर उताणे पडून राहावयाचे आणि त्याबद्दल पैसे मोजावयाचे, हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले. समुद्र ज्यांच्या उंबरठ्याशी आहे त्यांनी तरंगणे विकत घ्यावे! परंतु या टाकीचा इतिहास वाचला आणि हसू ओसरले.

१९५४ साली जॉन लिली या अमेरिकन वैद्यकाने बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अशी पहिली टाकी उभारली. बाहेरची संवेदना पोहोचलीच नाही तर मेंदू झोपी जातो काय, हा त्याचा प्रश्न. मेंदू जागाच राहिला. आजच्या टाकीत वीतभर पाणी असते व त्यात शेकडो किलो एप्सम मीठ विरघळविलेले असते, म्हणून अंग बुडत नाही. पाण्याची उष्णता त्वचेइतकीच, सुमारे ३५ अंश. थोड्या वेळाने अंग कोठे संपले हेच कळेनासे होते. २०१८ साली अमेरिकेतील टल्सा येथे पन्नास चिंताग्रस्तांवर झालेल्या प्रयोगात एका तासाने चिंता उतरल्याचे आढळले. तेव्हा हे केवळ श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देता येत नाही.

आता दुसरी बाजू. लिलीच्याच काळात कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना डोळ्यांवर झापडे लावून नुसते निजवून ठेवीत. दिवसाचे २० डॉलर मिळत; तरी बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत अंग काढून घेतले. कित्येकांना भास होऊ लागले होते. पुढे १९७१ साली उत्तर आयर्लंडात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १४ बंदिवानांच्या डोक्यांवर काळ्या पिशव्या चढविल्या, कानांवर अखंड घोंगाट सोडला, झोप व अन्न तोडले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७८ साली या वागणुकीस अमानुष व मानहानिकारक म्हटले. छळ म्हणण्यास मात्र ते कचरले. तो संकोच आम्हांस आजही पटत नाही.

अंधार तोच, एकास औषध आणि दुसऱ्यास दंड कसा? संमतीमुळे, असे आमचे व्यवसायबंधू चटकन म्हणतील. आम्ही वकील संमती म्हणजे कागदावरची सही समजतो. पण हेबच्या विद्यार्थ्यांनीही संमती दिलीच होती. ते सुरक्षित राहिले ते सहीमुळे नव्हे, हवे तेव्हा उठून जाता आले म्हणून. या बाबतीत संमती एकदा देऊन भागत नाही, ती क्षणोक्षणी परत घेता आली पाहिजे. आमच्या न्याय संहितेच्या १२ व्या कलमात एकांत कोठडी एका वेळी १४ दिवसांहून अधिक नसावी असे आहे. कायदेकर्त्यांना मात्रा ठाऊक होती म्हणावयाची! कैद्याला मात्र तेराव्या दिवशी दार ठोठावण्याचा अधिकार नाही.

आम्ही स्वतः त्या टाकीत अजून पडलेलो नाही. पडलोच, तर आधी झाकण आतून कसे उघडते ते पाहू.