भय विकणारे आणि भय हरणारे



रात्रीचे जेवण आटोपून कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसले आहे. पडद्यावर एक तरुणी काचेच्या पेटीत निजली आहे व तिच्या अंगावर साप सोडले जात आहेत. ती किंचाळते, पाहणारे श्वास रोखतात आणि मग हसतात. अशा वेळी शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, ‘अब्बा, शूर माणूस असाच असतो ना?’ तर आपण काय उत्तर द्याल?

हा खेळ मूळचा नेदरलँड्सचा. २००१ साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने तो ‘फिअर फॅक्टर’ या नावाने सुरू केला. साधारणतः तीन दिव्ये, त्यांत अनेकदा एक किळसवाणे काही खाण्याचे, आणि विजेत्यास ५०,००० डॉलर. २००८ पासून ‘खतरों के खिलाडी’ या हिंदी रूपात तो आपल्या घरांत आला. दोर, जाळी व प्रशिक्षित माणसे यांच्या साह्याने त्यातील धोका शक्य तितका कमी केलेला असतो. शिल्लक ठेवले जाते ते भय. कारण तोच तेथला विक्रीचा माल आहे.

इस्लामला साहसाचे वावडे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, तिरंदाजीस उत्तेजन दिले, हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यतही केली. प्रश्न साहसाचा नाही, त्याच्या हेतूचा आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि भय हा त्या अमानतीचा राखणदार. म्हणूनच स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी कुरआनची ताकीद आहे.

एका प्रवासात एक सहाबी झोपले असता दुसऱ्याने त्यांची दोरी हळूच उचलली. ते दचकून जागे झाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, एका मुस्लिमाने दुसऱ्यास घाबरविणे वैध नाही. केवळ एका दोरीची ती थट्टा होती! कोणी म्हणेल, स्पर्धक तर स्वखुशीने उतरतो. खरे आहे, परंतु दुसऱ्याच्या थरकापावर हसण्याची सवय पाहणाऱ्याच्या अंतःकरणाला लागते, तिचे काय?

आता दुसरे दृश्य पाहा. मदीनेत एका रात्री मोठा आवाज झाला. लोक घाबरून त्या दिशेने निघाले, तर समोरून प्रेषित (स.) परतताना दिसले. हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घोड्यावर खोगीर न घालताच स्वार होऊन, गळ्यात तलवार अडकवून ते सर्वांच्या आधी एकटेच पाहून आले होते. घाबरू नका, असे सांगून त्यांनी लोकांना धीर दिला. येथे धैर्याने इतरांचे भय हरण केले. त्याचा तमाशा मांडला नाही.

भय, भूक, वित्त व प्राणांची हानी यांद्वारे आपली परीक्षा होईल, हे कुरआनने सांगून ठेवले आहे. त्या परीक्षेत कमरेला दोर नसतो, खाली जाळी नसते. आप्तांच्या विरुद्ध जाणारी खरी साक्ष देणे, नोकरी पणाला लागली असता लाच नाकारणे, एकाकी पडलेल्या शेजाऱ्याच्या दारी मध्यरात्री धावून जाणे, ही आपली दिव्ये आहेत. तेथे टाळ्या वाजत नाहीत. पाहणारा एक अल्लाह असतो.

मुलाला हेच सांगा: बेटा, ज्याच्या येण्याने दुसऱ्याचे भय कमी होते, तो शूर. मात्र हे उत्तर त्याला आपल्या शब्दांपेक्षा आपल्या वागण्यात आधी दिसले पाहिजे.