आठवण जपणारी बॅटरी



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्याला एक अवघड गोष्ट करायला सांगतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर आपल्या भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे (मत्तय ५:२३-२४). आज ही शिकवण आपण एका वेगळ्याच कामाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

जुने लॅपटॉप दुरुस्त करून पुन्हा चालते करणारे हौशी लोक अनेक देशांत आहेत. जपानच्या तोशिबा कंपनीने १९८५ साली टी-११०० हा लॅपटॉप बाजारात आणला. त्याचे वजन सुमारे चार किलो होते. १९८९ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश पोर्टेबल आला, तो तर सात किलोंचा! त्या काळातली काही यंत्रे मालकांनी कपाटात जपून ठेवलेली असतात. ती कधी पडलेली नसतात, भिजलेली नसतात. तरीही बाहेर काढल्यावर चालू होत नाहीत. असे का व्हावे?

त्या वेळच्या अनेक लॅपटॉपमध्ये मुख्य बॅटरीखेरीज आणखी एक लहान बॅटरी असे. यंत्र बंद असतानाही तारीख, वेळ आणि सेटिंग लक्षात राहावे, एवढेच तिचे काम. बऱ्याचदा ती निकेल-कॅडमियमची असे. काही वर्षांनी ती पाझरू लागते. आतले क्षारयुक्त द्रव्य मदरबोर्डवर पसरते, तांब्याच्या बारीक रेषा खाते आणि तिथे हिरवट-निळा थर साचतो. आठवण जपण्यासाठी बसवलेली वस्तूच यंत्राला आतून पोखरते, आणि तेही कोणी हात लावत नसताना!

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतही अशी बॅटरी असते. वाडीच्या वाटणीवरून, सामाईक भिंतीवरून, लग्नात न मिळालेल्या मानावरून दोन भाऊ बोलेनासे होतात. भांडण संपले, आता आम्ही शांत आहोत, असे दोघेही म्हणतात. पण मिस्सात शांतीचे अभिवादन करताना एकाची पाठ दुसऱ्याकडे असते. गप्प राहणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. कपाटात ठेवलेला राग झिजत नाही, तो पाझरतो आणि मुलाबाळांपर्यंत पोहोचतो.

दुरुस्ती करणाऱ्यांचा पहिला नियम असा, की जुने यंत्र हाती आले की लगेच वीज द्यायची नाही. आधी ते उघडायचे आणि पाझरलेली बॅटरी काढून टाकायची. मग क्षाराचा परिणाम घालवण्यासाठी थोडे व्हिनेगर लावायचे, बोर्ड स्वच्छ करून पूर्ण सुकू द्यायचा. मात्र मॅकिंटॉश पोर्टेबलची मुख्य बॅटरी शिसे आणि आम्लाची होती. तिथे आम्ल सांडले असेल तर व्हिनेगर नव्हे, सोडा लागतो. त्यानंतर भिंग घेऊन एकेक रेषा तपासायची आणि तुटलेल्या जागी बारीक तार सोल्डर करायची.

समेटाचेही असेच आहे. पहिल्याच भेटीत कोण बरोबर, कोण चूक याचा हिशेब काढला, तर उरलेले नातेही जळून जाते. आधी मनातले विष काढावे. त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आपल्याला दिलेला आहे. मग समोरच्याला काय हवे ते ओळखावे. कोणाला आपली माफी हवी असते, तर कोणाला फक्त आपले ऐकून घेणारा माणूस. क्षमा म्हणजे न्याय्य हक्क सोडणे नव्हे. वाटणीचे कागद नंतर शांतपणे करता येतात.

दुरुस्त केलेल्या बोर्डावर ती जोडलेली तार दिसत राहते. तो नवा होत नाही, पण चालू लागतो. पुनरुत्थित प्रभूनेही थॉमसला आपल्या जखमा दाखवल्या, लपवल्या नाहीत. तेव्हा जुनी खूण राहिली म्हणून समेट खोटा ठरत नाही.

पुढच्या रविवारी वेदीपाशी येण्यापूर्वी आपापले कपाट एकदा उघडून पाहू या. पहिले पाऊल टाकण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला धर्मगुरू