व्रताचा बाजारभाव

अमेरिकेतल्या मेन राज्यातील ब्लूबेरीला सेंद्रिय शिक्का मिळतो तो केवळ फळ तपासून नव्हे. जमिनीवर 3 वर्षे निषिद्ध रसायन पडलेले नाही आणि नोंदी चोख आहेत, हे पाहून. म्हणजे विकले जाते ते पाळलेले व्रत. आक्षेप येतो: सेंद्रिय शेतातही स्पिनोसॅडसारखे कीटकनाशक चालते, मग व्रत कसले? पण उपवासाला साबुदाणा चालतो म्हणून उपवास खोटा ठरत नाही (साबुदाणा कुणी ठरवला, हा वेगळा वाद!), मर्यादा आधी ठरलेली आणि उघड असावी, एवढेच. दुसरा आक्षेप जड: व्रताचे पैसे घेतले तर पुण्य कुठले? पण रसायन टाळून तण हाताने काढणाऱ्याची मजुरी कुणीतरी द्यायलाच हवी. चढा भाव त्या खर्चाचा आहे. पावित्र्याच्या नावाने वर आणखी उकळणे मात्र ढोंगच.