‘हो’ म्हणण्यापूर्वी

घरातली बिघडलेली वस्तू स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यात जे सुख आहे, ते नवी वस्तू विकत आणण्यात नाही. नळ असो, इस्त्री असो. ती पुन्हा चालू झाली की घटकाभर तरी माणसाला आपण विश्वकर्म्याचे धाकटे भाऊ आहोत असे वाटते. गेल्या दिवाळीत मलाही तसे वाटले होते. ते सुख रात्री अकरापर्यंत टिकले.

झाले असे, की आमचा उंचापुरा भाचा गाडी घेऊन बाजारात गेला आणि ड्रायव्हरची सीट मागे सारून परत आला. सीट विजेवर सरकणारी. आमच्या सौभाग्यवती ठेंगण्या. त्यांनी बटण दाबले तेव्हा सीट चार बोटे पुढे आली आणि जी अडली ती अडलीच. त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना; आणि दुसऱ्या दिवशी तर मुलांना घेऊन त्यांना साताऱ्याला माहेरी जायचे होते. सणाची गॅरेजे बंद. मी बाह्या सरसावल्या.

अशी सीट ढकलून हलत नाही. खालची मोटर लांब स्क्रू फिरवते आणि त्यावर सीट सरकते. स्क्रू सीटला हलवतो, पण सीट स्क्रूला फिरवू शकत नाही. म्हणून आधी कान द्यावा. बटण दाबल्यावर मोटर मुकी राहिली, तर दोष बहुधा फ्यूजचा, बटणाचा किंवा वायरीचा. नुसतीच गरगरली, तर मधली केबल निसटलेली किंवा दाते झिजलेले. कण्हून थांबली, तर वाटेत काहीतरी अडकलेले. आमची कण्हत होती.

बॅटरीची तार सोडली, पुस्तिकेत सांगितली तेवढी मिनिटे थांबलो, चार बोल्ट काढून सीट मागे कलवली. खाली पिवळ्या आवरणाची एअरबॅगची वायर होती; तिला हात लावला नाही. सीट सरकते त्या लोखंडी खाचेत नारळाच्या करवंटीचा एक तुकडा पाचरीसारखा बसला होता. दसऱ्याला गाडीची पूजा केली, तेव्हाचा तो प्रसाद! पकडीने तो काढला, खाच पुसली, सीट पुन्हा बसवली. बोल्ट हाताला घट्ट लागेपर्यंत आवळले. बटण दाबताच सीट निमूटपणे पुढे आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“सगळं नीट बसलं ना?” सौभाग्यवतींनी विचारले.

“हो,” मी म्हणालो.

रात्री त्या ‘हो’ने मला जागे ठेवले. त्या चार बोल्टांवर नुसती सीट नसते. आमच्या गाडीत सीटबेल्टचे कुलूपही सीटलाच जोडलेले आहे. खंबाटकी घाटात अचानक ब्रेक लागला, तर माणसाचा बराचसा भार अखेर त्या बोल्टांवर येणार. ते किती घट्ट असावेत, याचा आकडा असतो. मी तो पाहिला नव्हता. म्हणजे माझे ‘हो’ खोटे होते काय? तसेही नाही. बोल्ट बहुधा घट्टच होते. पण ‘बहुधा’ हा शब्द मी मनात ठेवला आणि ‘हो’ तेवढे तिच्या हाती दिले.

क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता. एक जहाजमालक जुन्या जहाजाविषयीच्या शंका स्वतःची समजूत घालून गप्प करतो आणि उतारूंसह ते समुद्रात धाडतो. जहाज बुडाले, तर तो दोषी हे उघड आहे. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचले असते तरी तो तितकाच दोषी. कारण तसा विश्वास बाळगण्याचा अधिकार त्याने मिळवलेलाच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, इतकी खात्री मागू लागलो तर जगणेच अशक्य होईल. खरे आहे. नळाचा अंदाज चुकला तर बादलीभर पाणी वाया जाते. तिथे अंदाज चालतो. पण चुकीचा भुर्दंड दुसऱ्याला पडणार असेल आणि शंका फेडण्याचे साधन चार पावलांवर असेल, तर तिथे अंदाज हा आळसच ठरतो. विश्वास टाकणाऱ्याला बोल्ट तपासता येत नाही; म्हणून तर तो विश्वास टाकतो. तपासण्याचे काम ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचे.

पहाटे पुस्तिकेत आकडा शोधला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घरी जाऊन उठवले आणि त्याचा टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर लागताच ‘टक्’ वाजणारा पाना, मागून आणला. सौभाग्यवती चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या होत्या. चारही बोल्टांना पाना लावला. एकही तसूभर हलला नाही. मग रीतसर एकेक सैल करून पुन्हा ‘टक्’ वाजेपर्यंत आवळला.

“म्हणजे काल तुम्ही खरंच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काल ते खरं निघालं,” मी म्हणालो, “आज सांगतो आहे.”

त्या हसल्या, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि मुलांना हाका मारल्या.