थंड इंजिनापाशी

सकाळचे सहा वाजलेत असं समजा. व्यवहार दुपारी व्हायचा आहे, विसार अजून खिशात आहे. नारायणगावात एका अंगणात जुनी बोलेरो कॅम्पर उभी आहे: पुढे माणसांच्या दोन रांगा, मागे हौदा. आत्ता काहीच ठरवायचं नाही. बोनेटवर फक्त तळहात टेकवा.

पत्रा थंड आहे? मग हात तिथंच राहू द्या. कोमट लागला, तर गाडी तुमच्याआधी कुणीतरी सुरू करून ठेवली आहे. आज परत जा, उद्या या. डिझेल इंजिनाचं खरं वय गारठ्यातच कळतं. मी एकदा त्या कोमट पत्र्याकडे काणाडोळा केला होता, कारण भाव मनासारखा मिळाला होता. पुढचे दोन हिवाळे पहाटे धक्का मारण्यात गेले आणि माल बाजारात पोचायचा तेव्हा चांगला भाव निघून गेलेला असायचा.

आता डोळे मिटा. लहानपणी सायकलला हवा भरताना पंपाचं टोक कसं तापायचं, ते बोटांना आठवू द्या. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याच्या पोटात हेच घडत होतं. ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. हवा पंधरा-वीस पट लहान जागेत दाबली जाते, ५०० अंशांपलीकडे तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा शिरला की आपोआप पेटतो. रिंगा झिजल्या की ही दाबलेली हवा निसटते. मग थंडीत इंजिन पेटायला कुरकुरतं.

मालकाला किल्ली फिरवू द्या. तुम्ही सायलेन्सरच्या बाजूला उभे राहा. पहिला भपका जाऊ द्या, मग रंग पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. नोझल किंवा एअर फिल्टर पाहून घेता येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो खर्च मोठा असतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर रेडिएटरचं पाणी कुठं जातंय ते विचारा. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. आतून भकाभका वाफा आल्या, तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. बोलू नका. ऐकत राहा.

आता गाडीखाली वाका. मागचे पाटे कमानदार आहेत की ओझ्याने सपाट झालेत? चॅसीवर वेल्डिंगचा जुना वळ दिसतो का? या पाट्यांवरून किती हंगामांचे कांदे आणि किती घरांच्या विटा गेल्या असतील, ते क्षणभर मनात येऊ द्या. मग तुमचं ओझं त्यावर ठेवा. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा. ४० क्रेट म्हणजे ८०० किलो, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. आरसीवरच्या आकड्यात ते बसतं का?

कामाचे दिवस झाले. आता रविवार डोळ्यांपुढे आणा. ओझरचा विघ्नहर, मग लेण्याद्री, वेळ उरला तर नाणेघाट. कोण कुठं बसलंय ते एकेक करून पाहा. आजी खिडकीशी, पोरं मागच्या सीटवर, चालक धरून पाच जण. सहावं माणूस हौद्यात चढताना दिसलं, तर तिथंच थांबा. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मला तर त्या उघड्या हौद्यातल्या पोरांकडे बघवतच नाही. घरात सहा माणसं असतील, तर ही गाडी तुमच्या कामाची असेल, रविवारची नाही.

कागदांचं काम लवकर उरकतं: बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, पासिंग कधीपर्यंत आहे. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली असेल, तर पासिंग दरवर्षी करावं लागतं.

शेवटी आणे घाटाचा चढ चढून या आणि अंगणात इंजिन बंद करा. उतरू नका. तापलेलं लोखंड टिक टिक करत आकसू लागेल. मालक खिडकीशी येऊन विचारेल, "काय मग, दादा?" "थोडं थांबू," म्हणा. खाली उतरून पुन्हा बोनेटवर हात ठेवा. हा पत्रा निवेपर्यंत विसार खिशातच राहू द्या.